लाळेचा रिपोर्ट आणि ऊसतोडणीचं शरीर

2019 साली बीड जिल्ह्याचं नाव देशभर गेलं ते गर्भपिशवीमुळे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय महिलांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. मुकादमाची उचल, कामावर न गेल्यास पडणारा खाडा, सोनोग्राफीचा कागद दाखवून घातलेली कॅन्सरची भीती, या सगळ्यावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. पिशवी काढल्यानंतरच्या आयुष्यावर त्या मानाने फार कमी. तिशी-पस्तिशीतल्या बाईला अंगातून वाफा येतात, रात्री घामाने झोप मोडते, कंबर धरते, चिडचिड होते. हे हार्मोनचं दुखणं आहे का, आणि असेल तर ते कशावरून ठरवायचं?

याच प्रश्नाच्या दारात आता लाळेची तपासणी येऊन उभी आहे. शहरांत ती केव्हाच आली. सुई नाही, दवाखान्याची रांग नाही. घरी नळीत लाळ धरायची, पाठवून द्यायची, की इस्ट्रोजेनपासून कॉर्टिसॉलपर्यंतचा रंगीत तक्ता हाती. बीडसारख्या जिल्ह्याला ही कल्पना भुरळ घालणारी आहे हे मान्य करायला हवं. लाळेतलं कॉर्टिसॉल साध्या हवेत काही दिवस टिकतं, बर्फाचा डबा लागत नाही, तांड्यावरून नमुना पाठवता येतो. म्हणून या तपासणीला सरसकट थोतांड म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तिची एक जागा आहे आणि त्या जागी ती उत्तम आहे. भांडण आहे ते तिला नको तिथे बसवण्याशी.

रक्तातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेलं असतं. उरलेलं मोकळं, म्हणजे खरोखर काम करणारं, तेवढंच लाळेत उतरतं. निरोगी माणसात ते पहाटे चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला जातं. कुशिंग सिंड्रोम या आजारात हा रात्रीचा तळच नाहीसा होतो. रात्री अकरा-बाराला रक्त काढायचं तर रोग्याला दवाखान्यात भरती करावं लागतं, शिवाय सुईच्या धास्तीने कॉर्टिसॉल चढतं ते वेगळं. लाळ मात्र घरी, अंथरुणावर बसून देता येते. 2008 पासून अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांत कुशिंगच्या पहिल्या तपासण्यांमध्ये रात्रीची लाळ आहे, तीही एकदा नव्हे, दोन वेगवेगळ्या रात्रींची.

कुशिंग सिंड्रोम दुर्मीळ. त्याचा संशय कुणावर घ्यायचा? दमणूक, वजन, साखर ही लक्षणं निम्म्या गावाला असतात. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, आणि मांड्यांतली ताकद जाणं, या खुणा खऱ्या. उकिडवी बसलेली बाई हात न टेकता उठते का, एवढं पाहायला यंत्र लागत नाही. खुणा जुळल्या तर लाळ मागावी. जिचं क्षयाचं रिफाम्पिसिन किंवा मिरगीचं फेनिटॉइन चालू आहे तिच्यासाठी तर मागावीच, कारण दुसरी स्वस्त तपासणी, म्हणजे रात्री एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी रक्त पाहणं, या औषधांमुळे चुकीचं उत्तर देते. ती गोळी शरीरातून भराभर निघून जाते. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ काढलेल्या रोग्यात आजार उलटतोय का, हे ओळखायलाही लाळ फार कामाची. लहान मुलांच्या एका जन्मजात अड्रीनल विकारात औषधाची मात्रा जमली का हे पाहण्यासाठीही काही ठिकाणी ती वापरतात, वारंवार सुई टोचण्यापेक्षा बरी म्हणून. न्याय्य जागांची यादी इथे जवळजवळ संपते.

आता हीच तपासणी ऊसतोडणीच्या कोपीवर नेऊन बघा. तिचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: माणूस रात्री झोपतो आणि सकाळी उठतो. फडावरच्या बाईची पहाट तीन-चारला होते. भाकरी थापून, पोरांचं आवरून उजाडायच्या आत ती फडात. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. मध्यरात्री फळीवरून मोळी चढवणाऱ्या बाईच्या कॉर्टिसॉलने तळाला जावं तरी कसं? रात्रपाळी करणाऱ्यांत ही तपासणी भरवशाची नाही, हे मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं आहे. आपल्याकडे रात्रपाळी म्हटली की कारखान्याच्या आतला कामगार डोळ्यांपुढे येतो. त्या कारखान्याला ऊस पुरवणारी बाई येत नाही.

दुसरी अडचण तोंडातलीच. उठल्यावर आणि जेवणानंतर तंबाखू भाजून केलेली काळी मिसरी बोटाने हिरड्यांना चोळायची, ही सवय मराठवाड्यात घरोघरी. तंबाखूच्या वापराने लाळेतल्या कॉर्टिसॉलचा आकडा बिघडतो. हिरडीतून रक्त येत असेल तर ते लाळेत मिसळतं आणि रक्तातलं हार्मोन लाळेतल्यापेक्षा कितीतरी पट असल्याने उत्तर फुगतं. यात ज्येष्ठमधाची गंमत वेगळीच. लाळग्रंथीत कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकणारं एक एन्झाइम असतं आणि ज्येष्ठमध नेमका त्यालाच अडवतो. खोकल्यासाठी काडी चघळत झोपलेल्या बाईचा रिपोर्ट तिला कुशिंगच्या संशयात ढकलू शकतो. आजीबाईच्या बटव्यातली वस्तू प्रयोगशाळेला चकवते, हे मला तरी मजेशीर वाटतं. रिपोर्ट ज्याच्या हातात पडेल त्याला वाटणार नाही.

तिसरी अडचण औषधांची, आणि सगळ्यांत गंभीर. कंबरदुखीवर ‘लगेच गुण येणारी’ गोळी किंवा इंजेक्शन मिळतं, त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. गोरं होण्यासाठी विकत घेतलेल्या मलमातही असतं. जगभर कुशिंगची लक्षणं दिसण्याचं सगळ्यांत मोठं कारण बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड हेच आहे, म्हणून तपासणीच्या आधी औषधांची पिशवी उलटी करून पाहावी असा नियम आहे. तो मोडला तर काय होतं पाहा. बाई डेक्सामेथासोनवर असेल तर तिचं स्वतःचं कॉर्टिसॉल दबलेलं, आकडा खाली. प्रेडनिसोलोनवर असेल तर तो रेणू अनेक चाचण्यांना कॉर्टिसॉलसारखाच दिसतो, आकडा वर. दुखणं दोघींचं एकच, गोळी दिल्याचं. खालच्या आकड्याला ‘अड्रीनल थकवा’ असं नाव देऊन त्यावर पुड्या विकणारा धंदाही आहे. 2016 मध्ये कादेगियानी आणि काटर यांनी त्यावरचे अभ्यास तपासून असा आजारच नसल्याचा निष्कर्ष छापला. उलट अशी बाई गोळी एकदम सोडेल तर जिवावर बेतू शकतं. तिला हवी सकाळची रक्ततपासणी आणि हळूहळू उतरवत आणलेली मात्रा.

राहिलं इस्ट्रोजेन, म्हणजे पिशवी काढलेल्या बाईचा मूळ प्रश्न. इथे लाळ पूर्ण गैरलागू आहे. रक्तातल्या इस्ट्रोजेनचा जेमतेम एक-दोन टक्के भाग लाळेत येतो आणि पाळी संपलेल्या वयात तो इतका क्षीण असतो की नेहमीच्या चाचण्यांना तो नीट मोजता येत नाही. नमुन्यासाठी चघळायला दिलेला कापसाचा बोळासुद्धा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचे आकडे बिघडवतो. लाळ पाहून हार्मोनची मात्रा ठरवायला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्येच सांगितलं आहे. पंचेचाळिशीनंतरच्या बाईला तर पाळी गेल्याचं ठरवण्यासाठी एरवी रक्तसुद्धा लागत नाही; लक्षणं पुरतात.

पस्तिशीतल्या बाईचं वेगळं. पिशवी काढली म्हणजे पाळी थांबणारच, त्यामुळे पाळीवरून काहीच कळत नाही. पहिला प्रश्न विचारायचा तो कागदाला: अंडाशय ठेवले की तेही काढले? दोन्ही काढले असतील तर तपासायचं काहीच उरलेलं नाही. इस्ट्रोजेन काही दिवसांतच कोसळतं, हाडांचा आणि हृदयाचा धोका वाढतो, आणि दुसरी अडचण नसेल तर पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन द्यावं हे ठरलेलं आहे. पिशवी नसल्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉनचीही सहसा गरज नसते, म्हणजे उपचार उलट सोपा होतो. अंडाशय ठेवले असतील तर ते काम करतात का हे रक्तातल्या एफएसएचवरून कळतं, जोडीला थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. थकवा अनेकदा हिमोग्लोबिनमध्येच सापडतो. यांपैकी कशालाच मुंबईला नमुना पाठवावा लागत नाही. जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवाक्यातलं हे काम आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. गरीब बाईला साधी तपासणी पुरे आणि नवी फक्त शहरवाल्यांना, हा दुजाभाव नाही का? तपासणी तिच्या कामाची असती तर जरूर असता. पण ही तपासणी पुण्यातल्या कचेरीत बसणाऱ्या बाईच्या इस्ट्रोजेनलाही तितकीच निरुपयोगी आहे. तिला निदान पैसे वाया गेल्याचं सोसतं. बीडमध्ये रिपोर्टच्या कागदाला निराळं वजन आहे. सोनोग्राफीवरची एखादी गाठ, एखादी सूज, आणि तेवढ्यावर ‘पिशवी खराब झाली’ असं सांगून बायका टेबलावर घेतल्या गेल्या. अंगावरून जाणं हे पुष्कळदा जंतुसंसर्गाचं, गोळ्यांनी बरं होणारं दुखणं. त्याची किंमत एका अवयवाने दिली गेली. आता त्याच शरीराच्या नावावर दुसऱ्या कागदाचा धंदा उभा राहू नये, एवढंच म्हणणं.

लाळेला या बायकांच्या बाबतीत काही मोल आहे का? आहे, एका बाजूने. 1998 मध्ये यासिएन्स्का आणि एलिसन यांनी पोलंडच्या शेतकरी बायकांच्या लाळेतलं प्रोजेस्टेरॉन मोजून दाखवलं की जड अंगमेहनतीने अंडाशयाचं काम मंदावतं, खाणं पुरेसं असलं तरीही. तिथे आकडा एका बाईचा उपचार ठरवायला वापरला नव्हता. अनेकींचे अनेक दिवसांचे नमुने धरून श्रमाचा परिणाम पाहिला होता. हंगामात पाळी बिघडते असं सांगणाऱ्या तोडकरी बायकांचा असा अभ्यास करण्याजोगा आहे, त्यांची संमती घेऊन, मिसरी आणि रात्रीची गाडी हिशेबात धरून. त्यातून पिशवीऐवजी कामाच्या तासांवर बोट ठेवता येईल.

2019 नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. त्या कागदावर दोन ओळी वाढवायला पैसे लागत नाहीत: अंडाशय ठेवणार की काढणार, आणि काढणार तर इस्ट्रोजेन कोण देणार, कुठल्या वयापर्यंत. त्याची प्रत बाईच्या हातात राहावी, कारण दिवाळीच्या सुमाराला ती टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलेली असते आणि तिथल्या डॉक्टरला तिच्याबद्दल काहीच ठाऊक नसतं.