उषस्तीचे पाणी

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने जाताना वैशाखरे गावापाशी जी पायवाट फुटते, ती धरून सह्याद्रीचा कडा चढून गेले असता नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात ब्राह्मी लिपीतील तो प्रसिद्ध शिलालेख दृष्टीस पडतो, ज्यात सातवाहन राजकुळाने केलेल्या अश्वमेधादी यज्ञांची आणि त्या यज्ञप्रसंगी दक्षिणा म्हणून दिलेल्या सहस्रावधी गाईंची नोंद सरकारी दप्तराला शोभेल अशा काटेकोरपणे कोरून ठेवलेली आहे. गाय हे धन आहे, ते मोजता येते आणि एका दाव्यावरून सोडून दुसऱ्या दाव्याला बांधता येते, ही समजूत आपल्या धर्मजीवनात किती खोल रुजलेली आहे याचा हा पाषाणावरचा दाखला होय. आणि त्याच घाटाच्या पायथ्याशी, मुरबाड व शहापूर या दोन तालुक्यांतील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर, आजही पाहुण्यापुढे बहुधा कोराच चहा येतो. तेथे दूध कोणी वर्ज्य केलेले नाही. ते घरात नसते, एवढेच. त्या घरांची शरीरे दुधावाचून चालत आली ती पहिल्या पावसातल्या वलगणीच्या माशांवर, ओहोळातल्या खेकड्यांवर आणि आठवडेबाजारातून आणलेल्या सुकट-बोंबलाच्या वाट्यावर. प्राणिज अन्नाचा अंश नाचणीच्या भाकरीबरोबर त्यांच्या पोटात जातच होता.

दूधदुभत्यासह सर्व प्राणिज अन्न विचारपूर्वक सोडणारा, आणि काही वर्षांनी प्रकृतीच्या कारणास्तव ते पुन्हा स्वीकारणारा माणूस हा या दोहोंहून निराळा. तालुक्याच्या गावी, कल्याणात, डोंबिवलीत अशी माणसे आता विरळा राहिलेली नाहीत. इंग्लंडात 1944 साली डोनल्ड वॉटसन व त्यांच्या सोबत्यांनी या आहाराचा संघ स्थापन केला खरा. परंतु आपल्याकडच्या माणसाला ही प्रेरणा परकी वाटत नाही, कारण अहिंसेचा संस्कार त्याच्या घरात आधीपासून नांदत असतो. म्हणूनच तळपाय बधिर होऊ लागतात, जिना चढताना धाप लागते, आणि डॉक्टर आहारात दूध वा अंडे घेण्याविषयी निक्षून सांगतात, तेव्हा त्याला केवळ पथ्य बदलल्यासारखे वाटत नाही. आपल्या हातून धर्म मोडला काय, असा प्रश्न त्याला पडतो, आणि माझ्या मते तो प्रश्न सर्वस्वी योग्य आहे. प्रकृतीपुढे तत्त्वाचे काय एवढे, असे म्हणून त्याची समजूत घालणारे स्नेही त्याला काडीचीही मदत करीत नाहीत.

दूध सोडणाऱ्याने ते का सोडले हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने एकदा धार काढताना जवळ बसून पाहावे. गाय परक्या हाताला सहजासहजी पान्हा सोडीत नाही. म्हणून प्रथम वासराचे दावे सोडतात. ते धडपडत कासेला भिडते, डोक्याने ढुशा देते, चार घोट ओढते. गाईची नजर निवते, ती त्याचे अंग चाटू लागते, आचळे भरून येतात, आणि नेमक्या त्या क्षणी वासराच्या मानेत हात घालून त्याला मागे ओढतात व तिच्या पुढच्या पायाशी, तिला त्याचा वास येत राहील अशा बेताने, आखडून बांधतात. मग चरवीत धार वाजू लागते. या सबंध क्रियेत कोणी कोणास मारीत नाही, गोठ्याचा धनी मायाळूही असतो, पुष्कळ घरी एक आचळ वासरासाठी राखण्याचा रिवाज आहे. तथापि मातेचे वात्सल्य जागे करून त्याचे फळ दुसऱ्याने घ्यावयाचे, हा व्यवहार ज्याला एकदा स्पष्ट दिसला त्याच्या घशाखाली दूध उतरेनासे झाले तर त्यात नवल नाही. धंदेवाईक तबेल्यात तर नर रेडकाला काही किंमतच नसते, आणि त्याच्या वाट्याला कोणती उपेक्षा येते हे सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नाही. दूध सोडणारा माणूस भावनाविवश असतो हा आक्षेप मला मान्य नाही. त्याने जे पाहिले ते खरे आहे, आणि पुढे त्याने दूध घेतले तरी ते खरेच राहते.

या वाटेने आपल्यापैकी सर्वांत प्रसिद्ध असा जो पुरुष गेला त्याची कैफियत येथे सविस्तर पाहिली पाहिजे. गांधीजींनी 1912 साली, दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर, कॅलनबाख या मित्रासह दूध सोडले. विकारांना दूध चेतवते ही जैन तत्त्वचिंतक रायचंदभाईंपासून मनात असलेली धारणा आणि कलकत्त्याकडे गाईम्हशींचे दूध ओढण्यासाठी होणाऱ्या ‘फुक्या’च्या क्रूर प्रकाराची माहिती, अशी दोन्ही कारणे त्यामागे होती. सहा वर्षांनी, खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करीत असता, त्यांना आमांशाने गाठले आणि ते मरणाच्या दारात जाऊन पोहोचले. त्या दुखण्यात बर्फाच्या उपचारांचे कैवारी असलेले केळकर नावाचे एक महाराष्ट्रीय गृहस्थ त्यांची शुश्रूषा करीत होते. त्यांनी निर्जीव अंडी घेण्याचा आग्रह केला, तो गांधीजींनी मानला नाही. हवापालटासाठी ते मुरबाडच्या दक्षिणेस असलेल्या माथेरानी आले, पण तेथील जड पाणी सोसेना म्हणून आठवड्याभरातच उतरले. मुंबईत डॉक्टर दलालांनी शस्त्रक्रिया केली आणि दुधावाचून हे शरीर मी उभे करू शकत नाही, असे स्वच्छ सांगितले. व्रत आड आले. तेव्हा जवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी तोड सुचविली की, व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला हरकत कोणती? रौलट कायद्याचे सावट पसरले होते, लढा द्यावयाचा होता, जगण्याची इच्छा प्रबळ होती. 1919 च्या आरंभी गांधीजींनी शेळीचे दूध घेतले.

पुढे आत्मकथेत त्यांनी याविषयी जे लिहिले त्यामुळे हा प्रसंग आपल्याला उपयोगी पडतो. व्रताचे अक्षर आपण राखले आणि त्याचा आत्मा मारला, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केले. शेळीचे दूध घेताना रोज मनाला काटा बोचतो असे सांगितले. आणि दुधाइतका पोषक व पचण्यास हलका असा वनस्पतिजन्य पर्याय कोणाला अनुभवाने ठाऊक असल्यास तो कळवावा, अशी वाचकांना विनंती केली. माझ्या मते त्यांचे दूध घेणे चूक नव्हते, शेळीची पळवाट मात्र चूक होती, आणि नेमका असाच निवाडा त्यांनी स्वतःच्या विरुद्ध दिलेला आहे. कारण जो मोकळेपणाने सोडतो त्याला आपण किती सोडले हे माहीत असते. जो शब्दाचा आधार घेतो त्याला वाटते की आपण काहीच सोडले नाही.

किती सोडले, हाच या विषयाचा गाभा आहे, आणि त्याचे माप छांदोग्य उपनिषदातील एका लहानशा आख्यानात मला सापडते. गारांनी कुरुदेशाचे पीक बुडाले असता उषस्ती चाक्रायण नावाचा विद्वान ब्राह्मण पत्नीसह एका श्रीमंताच्या गावी हलाखीत राहत होता. तो श्रीमंत कुळीथ खात बसला होता. उषस्तीने त्याच्या पुढ्यातले उष्टे कुळीथ मागून घेतले आणि खाल्ले. मग त्या श्रीमंताने पाणीही पुढे केले, तेव्हा उषस्ती म्हणाला की ते उष्टे होईल, मला नको. कुळीथ उष्टे नव्हते काय, असे त्याने विचारले असता उषस्तीने उत्तर दिले की, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला हवे तेव्हा अन्यत्र मिळते. महाभारतात दुष्काळात चांडाळाच्या घरची कुत्र्याची तंगडी उचलणारा विश्वामित्र अधिक नाट्यमय आहे आणि आपद्धर्माची चर्चा निघाली की सर्वांना तोच आठवतो. पण उषस्तीची सूक्ष्मता त्या कथेत नाही. आपत्तीने व्रत रद्दबातल होत नाही. जेथपर्यंत गरज पोहोचते तेथपर्यंत ते तहकूब होते आणि त्याच्या पलीकडे, त्याच बैठकीत, त्याच माणसासमोर, पूर्ववत लागू असते.

जैन परंपरेने तर ही मुभा व्रताच्या कबुलायतीतच लिहून ठेवली आहे. चैत्रात आणि आश्विनात नऊ-नऊ दिवस जे आयंबिल श्रावक पाळतात त्यात दूध, दही, तूप, तेल, गूळ सारेच वर्ज्य असते. आणि ते प्रत्याख्यान, म्हणजे त्यागाचा संकल्प, घेताना उच्चारल्या जाणाऱ्या पाठात ‘आगार’ म्हणजे सवलती आधीच सांगितलेल्या असतात, ज्यांत विस्मरणाने घडलेले, अकस्मात घडलेले आणि व्याधीने चित्ताची समाधी ढळली असता ती परत मिळविण्यासाठी घेतलेले, यांचा समावेश होतो. व्रताला दार ठेवल्याने ते सैल होते असे ज्यांना वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे की, हे दार ठेवणाऱ्यांइतके कठोर तप या देशात दुसऱ्या कोणी केलेले नाही.

आता गरजेची सीमा कोठे आहे हे ठरविणे शास्त्राचे काम, आणि ती सीमा गेल्या शंभर वर्षांत हलली आहे. लुसी विल्स या इंग्रज संशोधिकेने 1928 नंतर मुंबईत येऊन गिरणीकामगार गर्भवतींच्या पांडुरोगाचा अभ्यास केला आणि यकृताऐवजी यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखविले. ज्या बी-12 जीवनसत्त्वाच्या अभावी निव्वळ वनस्पत्याहारी माणसाचे रक्त उतरते आणि मज्जातंतू झिजतात, ते 1948 साली शुद्ध स्वरूपात हाती आले, म्हणजे गांधीजी गेले त्याच वर्षी. हे द्रव्य गाय तयार करीत नाही, मासा तयार करीत नाही. सूक्ष्म जंतू तयार करतात. माणसाला रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते, यकृतात काही वर्षांचा साठा असतो, आणि म्हणूनच दूध सोडल्यावर प्रारंभी सर्व ठीक वाटून पुढे एकाएकी शरीर कोसळल्यासारखे होते. ते आज कारखान्यात जंतूंकडूनच करवून गोळीच्या रूपाने मुरबाड-शहापूरच्या औषधांच्या दुकानातही मिळते. ज्यांच्या शरीरात ते शोषून घेण्याची शक्तीच नसते त्यांना दूध पिऊनही उपयोग नाही, बहुधा सुई टोचावी लागते. सबब, केवळ बी-12 साठी दूध घेणाऱ्याच्या पुढ्यात उषस्तीचे पाणी आहे. ते अन्यत्र मिळते. पण ज्याला डाळी-कडधान्ये पचत नाहीत, आतड्याच्या विकाराने जो दिवसेंदिवस वाळत चालला आहे, वा वार्धक्यात ज्याचा आहार दोन घासांवर आला आहे, त्याच्यापुढचे अन्न कुळथांच्या जातीचे आहे. या दोहोंतला भेद त्याने आणि त्याच्या वैद्याने मिळून करावा. शेजारच्या पाटावर बसलेल्याला त्यात बोलण्याचा अधिकार नाही.

अधिकाराची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक सांगतो, आणि ते मला फार तीव्रतेने वाटते. 1902 साली मुंबईत दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला असता पारशी डॉक्टरांनी सांगितलेली अंडी व कोंबडीचे सूप गांधीजींनी नाकारले आणि जलोपचारांवर भिस्त ठेवली. मुलगा वाचला. तरीही ते कृत्य मला पटत नाही. पित्याने स्वतःचा देह पणाला लावणे निराळे आणि लेकराचा लावणे निराळे. आदिवासी भागांत अंगणवाडीच्या बालकांना उकडलेले अंडे वा केळे देण्याची अमृत आहार योजना शासनाने चालविली आहे. ज्यांच्या ताटात रोज तूप असते असे लोक अहिंसेच्या नावाने मुलांच्या ताटातल्या अंड्याविरुद्ध गाऱ्हाणे करतात, तेव्हा ते दुसऱ्याच्या मुलाच्या भुकेवर आपले पुण्य साठवीत असतात. ठाण्याच्या रानातले गवत कापून मुंबईच्या म्हशी पोसल्या गेल्या, आणि त्या गवतकापणीच्या मजुरीसाठी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना 1945 साली परुळेकर दांपत्याच्या नेतृत्वाखाली लढावे लागले. दुधाच्या हिशेबात माणसांचेही देणे थकलेले आहे, हे तूपवाल्यांनी विसरू नये.

प्रकृतीसाठी दूध घेऊ लागलेल्या माणसाचे पुष्कळसे व्रत अद्याप शिल्लक असते. पेलाभर दूध लागते म्हणून पेढे-बासुंदी खुली होत नाही, चामड्याचे पाकीट आणि रेशमाचे सोवळे खुले होत नाही. जेथे वासराचे आचळ राखले जाते अशा घरचे दूध, चार पैसे अधिक मोजून, घेता येते. आणि लग्नाच्या पंगतीत कोणी डिवचले तर, हे मी शरीरासाठी घेतो, यात कोणाचा तरी वाटा मी उचलला आहे, एवढे सांगता येते. गांधीजी हेच करीत राहिले. 1942 साली पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावरचे आपले छोटे पुस्तक लिहिले, त्यात दूध हा प्राणिज आहारच होय हे त्यांनी पुन्हा नमूद केले, त्याची जागा घेईल अशी वनस्पती असलीच पाहिजे, ती अद्याप सापडलेली नाही, असेही लिहिले. व्रताला तेव्हा तीस वर्षे लोटली होती, आणि शेळीचे दूध त्यांच्या आहारात होतेच.