गणवेशाआधीची योग्यता

इस्रायलमध्ये वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की बहुतेक ज्यू मुलामुलींना लष्करात जावं लागतं. स्वमग्न तरुणांना मात्र यातून सूट मिळते. कागदावर ती सवलत असते. पण बरोबरीची मुलं भरतीला निघाली की मागे उरलेल्याला ती नकारासारखी बोचू शकते.

२०१३च्या सुमारास सुरू झालेल्या ‘रोइम राखोक’ या उपक्रमाने ही कोंडी फोडली. प्रशिक्षण घेतलेले स्वमग्न स्वयंसेवक लष्कराच्या ‘९९००’ या गुप्तवार्ता विभागात हवाई आणि उपग्रह छायाचित्रं तपासू लागले. दीर्घकाळ एकाग्र राहून बारीकसा बदलही टिपणं हे त्यांच्यातल्या अनेकांचं बलस्थान.

कौशल्यामुळे मिळालेला हा सन्मान खराच आहे. पण ज्याच्याकडे असं कौशल्य नाही, त्याचं काय?

इमान्युएल कांटने १७८५मध्ये मांडलं, की वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा. आणि प्रतिष्ठेची अदलाबदल होत नाही. ज्यू धर्मग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात माणूस ईश्वराच्या प्रतिमेत घडल्याचं सांगितलं आहे. तिथे पात्रतेची कुठलीच अट नाही. म्हणूनच भरतीचं दार उपयोगापुरतं नव्हे, समान नागरिक म्हणून उघडायला हवं. आणि जो त्या दाराशी कधीच जाणार नाही, त्याला शाळेत, शेजारात, कामाच्या ठिकाणी तेवढाच मान मिळतो का, हेही तितक्याच कसोशीने तपासायला हवं.