मानत नसलो तरी

लडाखच्या चांगथांग पठारावर, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, त्सो मोरिरी नावाचं सरोवर आहे. तिथले चांगपा पशुपालक आणि काठावरच्या कोरझोक गोम्पातले भिक्षू त्याला पवित्र मानतात. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आमा-लेंनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, “पाण्यात उतरू नका.” मित्राने मला मराठीत विचारलं, “आपण मानत नाही, मग आपल्याला का लागू?”

मीही देव मानत नाही, त्यामुळे हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे लोकांच्या भावना दुखावतात. पण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ते पुरेसं वाटू नये. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हाही कुणाच्या तरी भावना दुखावल्या होत्या. नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं. भावना हाच निकष धरला तर ते करणारेही बरोबर ठरतील.

दुसरं उत्तर पर्यावरणाचं. त्सो मोरिरीतून पाणी बाहेर पडायला वाट नाही. ओढे येऊन मिळतात, पाण्याची वाफ होते, बाकी सगळं मागे राहतं. म्हणून तर ते मचूळ आहे. साबण, तेल, कचरा, जे पडेल ते साठत जाणार. आसपासच्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. २००२ पासून ही रामसर पाणथळ जागा आहे. हे सगळं मला पटतं. पण मित्राच्या दोन पायांनी मोजता येण्याजोगं काहीच बिघडलं नसतं, हेही खरं. प्रत्येक पर्यटक हाच हिशोब मांडतो आणि प्रत्येकाचा हिशोब बरोबर येतो. बेरीज मात्र सरोवराला भोगावी लागते.

‘पवित्र’ हा शब्द नेमका इथे कामाला येतो. दर वेळी नव्याने हिशोब मांडायचा नाही, असं आधीच ठरवून टाकणं म्हणजे पावित्र्य. २००० साली कोरझोकच्या गावकऱ्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या उपक्रमात हे सरोवर ‘जिवंत ग्रहासाठी पवित्र भेट’ म्हणून जाहीर केलं, तेव्हा त्यांनी संवर्धनासाठी जुनाच शब्द वापरला.

मग महाडचं काय? फरक दोन प्रश्नांनी कळतो. बंधन घालणारा स्वतः त्यात बांधलेला आहे का? आणि त्यामुळे कुणाची गरज अडते का? चवदार तळ्यावर जनावरांना मोकळीक होती, काही माणसांना नव्हती. आणि अडवलं जात होतं ते पिण्याचं पाणी. तिथे पावित्र्य हे मालकीचं दुसरं नाव होतं. आमा-लेंनी सांगितलेला नियम त्यांना, भिक्षूंना आणि मला सारखाच लागू होता, आणि त्यामुळे कुणीही तहानलेलं राहत नव्हतं. हेच दोन प्रश्न आपल्याकडच्या देवळांना विचारले, तर बरीच नापास होतील.

म्हणून मी पाण्यात उतरलो नाही. सरोवरात देवता आहे असं मला आजही वाटत नाही. पण ज्यांना वाटतं त्यांनी ते पिढ्यानपिढ्या सांभाळलं, म्हणून मला ते निळं पाणी बघता आलं. त्यांच्या श्रद्धेचा लाभ घ्यायचा आणि तिचं बंधन तेवढं नाकारायचं, हे नास्तिकालाही शोभत नाही.