मागे राहिलेली धावपट्टी



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३५

काल आपण पाहिलं, अर्जुन म्हणतो की मन आवरणं म्हणजे वारा अडवण्याइतकं अवघड. आज भगवंत उत्तर देतात. आधी ते मान्यच करतात की हो, मन चंचल आहे, आवरायला कठीण आहे. अर्जुनाला रागवत नाहीत. मग उपाय सांगतात दोनच : अभ्यास आणि वैराग्य.

वैराग्य म्हटलं की मला भगवी वस्त्रं आणि हिमालय आठवायचा. तो अर्थ बदलला एका अपघाताबद्दल वाचताना.

५ मार्च २०१५. 'इंडियाना जोन्स'वाला हॅरिसन फोर्ड, वय ७२, लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका विमानतळावरून आपलं १९४२ सालचं छोटं रायन विमान घेऊन उडाला. थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. त्याने टॉवरला कळवलं, परत येतोय. विमान वळवलंही. पण लक्षात आलं की धावपट्टीपर्यंत पोचणं शक्य नाही. मग त्याने तो हट्ट सोडला आणि शेजारच्या गोल्फच्या मैदानावर विमान उतरवलं. झाडाला घासून विमान आपटलं, तो गंभीर जखमी झाला, पण वाचला. तपासात निघालं काय, तर कार्बोरेटरमधला एक छोटा जेट आपल्या जागेवरून सैल झाला होता. इंधन गरजेपेक्षा जास्त गेलं आणि इंजिन बसलं.

चढताना इंजिन गेलं तर विमानाचं नाक वर असतं आणि वेग भराभर कमी होतो. घाबरलेला हात दांडी मागे ओढू पाहतो, अजून वर जायला. तेच घातक! पंखांचा आधार सुटतो. करायचं उलट : जमीन जवळ असली तरी नाक खाली, वेग सांभाळायचा. हे त्या क्षणी सुचत नाही. म्हणून वैमानिक त्याचा सराव करतात, आणि किती उंचीच्या आत मागे वळायचं नाही हे उड्डाणाआधीच ठरवतात. हा अभ्यास. आणि मागे दिसणारी, ओळखीची, सुरक्षित धावपट्टी आता आपली नाही हे स्वीकारणं, हे वैराग्य.

आता माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. तीन आठवडे मी घरी सांगितलं नाही. रोज डबा, लॅपटॉप घेऊन निघायचे आणि बाणेरच्या एका कॅफेत बसून जुन्याच टीममधल्या लोकांना मेसेज करायचे, परत घ्याल का म्हणून. इंजिन बंद आणि मी दांडी मागे ओढतेय! एका संध्याकाळी आईने डबा उघडला, तसाच भरलेला. म्हणाली, "काय झालंय गं?" सगळं सांगून टाकलं. खूप रडले. नाक खाली आलं, आणि गंमत म्हणजे त्याच रात्री मला नीट झोप लागली. पुढची नोकरी मिळायला पाच महिने लागले, पगारही कमी. पण उतरले.

नामस्मरण केलं की इंजिन बंद पडणार नाही, असं मी म्हणणार नाही. भगवंतही तसं म्हणत नाहीत. पण रोजची दहा मिनिटं ही शांत आकाशातली तालीम आहे. संकटात पहिल्यांदा माळ शोधायला गेलो तर हात थरथरणारच.

आज एवढंच करूया. जपाला बसल्यावर स्वतःला विचारा, मी कुठल्या धावपट्टीकडे अजून वळून बघतोय? उत्तर आलं की ते देवापुढे ठेवा. आणि घरात कुणाला सांगायचं राहिलं असेल, तर आज सांगा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.