बहुरूपतेचे देणे

औसा निजामाच्या राज्यात होते तेव्हा तेथे 'रुपया' हा एकच शब्द दोन नाण्यांस लागू पडत असे. एक हैदराबादचा हाली सिक्का, दुसरा इंग्रजी मुलखातला कलदार. आणि सहा कलदारांस सात हाली असा सर्वसाधारण भाव. बार्शी इंग्रजी हद्दीत, औसा आणि लातूर निजामाच्या. बार्शीकडून येणारी अरुंद रुळांची आगगाडी १९११ साली लातुरास पोचली, तेव्हा मालाबरोबर दोन्ही नाण्यांची सरमिसळही वाढली असली पाहिजे. कोणी 'शंभर रुपये' म्हटले की ऐकणाऱ्याने आधी विचारावे, 'हाली की कलदार?' प्रश्न अवघा तीन शब्दांचा, त्यास वेळ तो कितीसा लागणार? परंतु दिवसाकाठी शेकडो व्यवहार करणाऱ्या अडत्यास तो प्रत्येक वेळी विचारावा लागला, तर त्या वेळेचे मोल कोणाच्या खात्यावर मांडावयाचे? १९५९ साली हाली सिक्का चलनातून गेला आणि हा प्रश्न मिटला, असे आम्हांस वाटत होते.

तो मिटलेला नाही. आज तो आपल्या खिशातल्या फोनमध्ये क्षणाला लक्षावधी वेळा विचारला जातो.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी एका नावाखाली अनेक कृती ठेवण्याची युक्ती फार पूर्वीच काढली. नॉर्वेतील डाल आणि न्यूगार्ड यांच्या 'सिम्युला ६७' या भाषेत ती होती. आणि त्याच १९६७ साली ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांनी कोपनहेगन येथील व्याख्यानांत या बहुरूपतेचे प्रकार वेगळे करून दाखविले. 'क्षेत्रफळ काढ' एवढीच आज्ञा द्यावी. समोर वर्तुळ असेल तर वर्तुळाची रीत लागू व्हावी, चौकोन असेल तर चौकोनाची. लिहिणाऱ्याचे श्रम वाचतात, उद्या त्रिकोण आला तरी जुने लिखाण बदलावे लागत नाही. युक्ती सुंदर आहे यात शंका नाही.

पण समोर काय आहे, हे शेवटी कोणी तरी पाहिलेच पाहिजे. ब्राउझरसाठी आज्ञावली ज्या यंत्रसमीप रूपात उतरवतात, त्या वेबअसेम्बलीत (२०१९ च्या डिसेंबरात तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला) अशा कृतींचे पत्ते एका तक्त्यात ठेवलेले असतात. हाक आली की क्रमांक तक्त्याच्या मर्यादेत आहे काय, त्या जागी कृती आहे काय, ती अपेक्षित जातीचीच आहे काय, हे तपासावे लागते. मग तेथे उडी. ही तपासणी अत्यल्प वेळाची असते. खरे नुकसान निराळेच आहे. कोणती कृती येणार हे आधी ठाऊक नसल्यामुळे ती जागच्या जागी मिसळून टाकून पुढचे काम आटोपशीर करण्याची संधी भाषांतर करणाऱ्या यंत्रणेच्या हातून जाते.

मग दर प्रकाराची स्वतंत्र प्रत का काढू नये? तसेही करतात. वर्तुळाची आज्ञावली वेगळी, चौकोनाची वेगळी. चालताना विचारपूस नाही. मात्र प्रती वाढल्या की गठ्ठा जड होतो, आणि तो गठ्ठा तारेविना हवेतून उतरवून घेणारा व आपल्या फोनात पुन्हा उलगडणारा वाचकच असतो. म्हणजे देणे टळत नाही. ते वाटेत द्यावयाचे की मुक्कामी, एवढेच ठरते.

तिसरा मार्ग चतुर दुकानदाराचा. रोजचे गिऱ्हाईक दिसले की तो नाणे विचारीत नाही. एक नजर टाकतो आणि कलदार धरून चालतो. जावास्क्रिप्ट चालविणारी यंत्रे असेच करतात. क्रोममधील यंत्र एकेका जागी सुमारे चार रूपांची आठवण ठेवते. त्याहून अधिक रूपे आली की ती आठवण सोडून सर्वसाधारण, मंद वाटेने जाते. वेबअसेम्बलीसाठीही असा अंदाज बांधण्याची आणि तो फसल्यास माघार घेण्याची सोय क्रोममध्ये २०२५ साली आली.

यात नीतीचा प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारील. गेल्या पावसाळ्यात औशास आमच्या एका स्नेह्यांच्या मुलीस परीक्षेचा अर्ज भरावयाचा होता. फोन स्वस्तातला, घरात तेवढाच एक. पान उघडेना, फोन तापला, बोट टेकवावे आणि अर्ध्या मिनिटाने अक्षर उमटावे. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. रात्री अकराच्या सुमारास अर्ज गेला, आणि तोवर मुलीची आई देवापुढून हलली नव्हती. हा सारा विलंब बहुरूपतेचा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अवजड चित्रे, क्षीण संदेशलहरी, अनावश्यक सजावट यांचाच वाटा बहुधा मोठा असतो. परंतु या सर्वांची जात एकच: सोय एकाची, भरणा दुसऱ्याचा.

अडत्याने विचारलेल्या प्रश्नाचा वेळ निदान त्याचा स्वतःचा जात होता. येथे निवड करणारा उत्तम यंत्रापुढे बसलेला असतो. त्याच्या यंत्रावर सारे क्षणात चालते, आणि म्हणून आपण काही निवड केली आहे हेदेखील त्याच्या ध्यानी येत नाही. त्याच्या मनात कपट असते असे आम्ही म्हणत नाही. उलट, त्याची बाजू बरीच सबळ आहे. दहा ठिकाणी दहा प्रती ठेवल्या तर दुरुस्ती नऊ ठिकाणी होते आणि दहावीकडे विसरते. त्या विसरण्याने अर्जच बुडाला तर मंदगती त्याहून बरी म्हणावी लागेल. शिवाय आज्ञावलीचा बहुतेक वेळ तिच्या थोड्याशा भागातच खर्च होतो. उरलेल्या भागात बहुरूपता कितीही असली तरी कोणास जाणवत नाही. तेथे काटकसर करणे म्हणजे लग्नाच्या खर्चात अक्षता मोजण्यासारखे आहे.

पण तो थोडासा भाग कोणता, हे मोजल्यावाचून कळत नाही. आणि मोजावयाचे ते कोणाच्या यंत्रावर? आमचा आग्रह असलाच तर येथे आहे. ज्याने ही पाने रचली त्याने एक दिवस त्या मुलीच्या फोनासारखा फोन हाती घ्यावा, औशासारख्या गावी जाऊन बसावे, आणि स्वतःचा अर्ज स्वतः भरावा. त्यानंतर त्याने बहुरूपता ठेवली तर आमची तक्रार नाही.