कानोसा

माझं लहानपण भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये गेलं. मजल्यावर चार बिऱ्हाडं: तेलुगू, मल्याळी, छत्तीसगढी आणि आम्ही नागपूरकडचे. बाबांची नाइट शिफ्ट असली की आई झोपण्याआधी शेजारच्या भिंतीपाशी क्षणभर थांबायची. पलीकडच्या तेलुगू काकूंना दमा होता आणि काकाही त्या आठवड्यात नाइटला असले तर त्या घरात एकट्या. "जरा कानोसा घेते," आई म्हणायची. खोकला नेहमीचा वाटला तर दिवा बंद करायची. धाप लागलेली वाटली तर जाऊन कडी वाजवायची.

काकूंना हे हिंदीत सांगताना तिची पंचाईत झाली होती. 'छुपकर सुनना' म्हणावं तर चोरीचा वास, 'टोह लेना' म्हणावं तर पोलिसी खाक्या. 'आहट लेना' त्यातल्या त्यात जवळचं, पण तेही तिच्या मनात बसेना. शेवटी "कानोसा लेती हूँ" यावरच भागवलं, आणि मजल्यावर तोच शब्द रुळला.

चोरून ऐकण्याला इंग्रजीत ईव्ह्जड्रॉप म्हणतात. तो शब्द निघाला वळचणीतून. छपराच्या कडेवरून पागोळ्या गळतात त्या जागी उभं राहून घरातलं बोलणं ऐकणारा तो ईव्ह्जड्रॉपर. इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनने अठराव्या शतकात त्याला सार्वजनिक उपद्रव करणाऱ्यांत बसवलं, आणि इंग्लंडच्या कायद्यातून हा गुन्हा निघाला तो थेट 1967 साली. आपल्या वळचणीला मात्र उभा असतो पावसात अडकलेला वाटसरू. त्याच्यावर संशय घ्यावा असं मराठीला कधी वाटलं नाही.

म्हणून कानोसा घेणारा प्रत्येक माणूस सज्जन असतो असं नाही. घर फोडायला आलेला चोरही आधी कानोसाच घेतो. पण शब्दाची हद्द फार बारीक आहे. कानोशात आपण आवाज ऐकतो, बोलणं नाही. कुणी जागं आहे का, मूल रडतंय का, एवढंच. काय बोलतात ते कळावं म्हणून कान तिथेच लावून ठेवला की ते चोरून ऐकणं झालं, मग मनात कितीही माया असो.

असं चोरून ऐकणं आता कोर्टापर्यंतही पोचलंय. नवऱ्याने बायकोचे फोन तिच्या नकळत रेकॉर्ड करणं हा तिच्या खाजगीपणावर घाला आहे, असं छत्तीसगढ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं. जुलै 2025 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नवराबायकोच्या वादात अशी रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालतील, असा निर्णय दिला. नवराबायकोने एकमेकांवर पाळत ठेवायची वेळ आली म्हणजे नातं आधीच मोडलेलं असतं, असंही कोर्टाने नोंदवलं. कोर्टात पुरावा चालेल, पण घरात ही सवय चालवून घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. रेकॉर्डिंग करणाऱ्याला समोरच्याची काळजी नसते, त्याला समोरच्याचे शब्द हवे असतात, जपून ठेवायला आणि पुढे वापरायला.

तुमच्या भिंतीपलीकडेही कुणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल. आज झोपण्याआधी त्याचा कानोसा घ्या, आणि शंका आली तर कडी वाजवा.