लोकसंग्रह आणि तहकूब सभा

एखादे काम सार्वजनिक हिताचे आहे की नाही हे कोणी ठरवायचे आणि कशाच्या आधारावर, हा गाव किंवा वस्ती सुधारण्याच्या कामातला पहिला प्रश्न आहे. गटार कोणत्या आळीतून काढायचे, कचऱ्याचा ढीग कोणाच्या दारासमोर पडू द्यायचा, रस्ता रुंद करताना कोणाची पडवी जायची, असे सगळे विषय शेवटी त्याच प्रश्नाशी येऊन थांबतात. इतिवृत्ताच्या वहीत त्याचे उत्तर बहुधा दोन शब्दांत लिहिलेले असते: सर्वानुमते मंजूर. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याने मात्र हा प्रश्न एकदा फार मोठी किंमत देऊन विचारला आहे आणि शहर अंगावर येत असताना तो आज तिथे नव्याने उभा राहतो आहे.

भारतीय विचारात या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘लोकसंग्रह’ हा आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तो विसाव्या आणि पंचविसाव्या श्लोकांत येतो. जनकादिकांना कर्मानेच सिद्धी मिळाली, तेव्हा लोकसंग्रहाकडे पाहूनही कर्म करणेच योग्य, असे अर्जुनाला सांगितले आहे. पुढे ज्ञानी माणसानेही आसक्ती सोडून, पण अज्ञानी माणसाइतक्याच नेटाने, लोकसंग्रहासाठी काम करावे असे म्हटले आहे. संग्रह म्हणजे एकत्र धरून ठेवणे. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ लोकांना आडवाटेला जाण्यापासून परावृत्त करणे असा केला. ज्ञानेश्वरांनी या ठिकाणी आंधळ्यापुढे चालणाऱ्या डोळस माणसाचा दृष्टान्त दिला आहे. डोळस माणूस पुढे असतो, पण चाल आंधळ्याची धरतो. ग्रामसुधारणेच्या कोणत्याही समितीला हा दृष्टान्त लागू पडतो आणि तिथेच तो अडचणीचाही होतो, कारण समितीतला प्रत्येक जण स्वतःला डोळस समजत असतो.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ 1915 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकसंग्रहाला मध्यवर्ती स्थान आहे. त्याआधी, आधिभौतिक सुखवादाचा समाचार घेताना, टिळक पुष्कळांचे पुष्कळ सुख हे तत्त्व तपासतात आणि एक उदाहरण देतात ते नगरपालिकेच्या कारभारातलेच म्हणावे असे आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्रामची फार गरज होती, पण अधिकाऱ्यांकडून परवानगी लवकर मिळेना. तेव्हा ट्राम कंपनीच्या व्यवस्थापकाने लाच देऊन ती मिळवली. ट्राम झाली, सगळ्यांची सोय झाली. पुढे लाच उघडकीला आली, खटला चालला आणि व्यवस्थापकाला शिक्षा झाली. डोकी मोजून नीती ठरत असती तर त्याचा सत्कार व्हायला हवा होता. टिळकांचा मुद्दा असा की कृत्याची किंमत त्याच्या बाह्य फळावरून कळत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते. मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धा आहे. बुद्धी कितीही शुद्ध असली तरी ज्यांच्यावर निर्णय लादला जातो त्यांना बोलायला जागा होती का, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. तो मुळशीत पुढे आला, आणि तोही टिळकांच्याच अनुयायांपुढे.

निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून, ते पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवून भिरा येथे वीज करायची आणि ती मुंबईला पुरवायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. पन्नासहून अधिक गावे आणि सुमारे 11,000 माणसे तिच्या वाटेत होती. कंपनीसाठी खासगी जमीन घेण्याचा मार्ग 1894 च्या भूसंपादन कायद्यात होता. होणारे काम लोकांच्या उपयोगाचे ठरेल अशी सरकारची खात्री झाली की पुरे. ‘लोक’ या शब्दात मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या आणि घरांतले दिवे येत होते. मावळ्याची भातखाचरे त्यात येत नव्हती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकरी धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. सेनापती बापट आणि वि. म. भुस्कुटे ही त्या सत्याग्रहातली प्रमुख नावे. काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झाले, लढा 1924 पर्यंत रेंगाळला. शेवटी बापटांनी रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. 1927 मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

या लढ्याचा राजेंद्र व्होरा यांनी जो अभ्यास केला आहे त्यातून एक गैरसोयीची गोष्ट पुढे येते. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींचे हितसंबंध एकसारखे नव्हते. पुण्यातल्या सावकारांना आणि जमीनमालकांना जमिनीच्या बदल्यात चांगला मोबदला चालणार होता. कसणाऱ्या कुळाला मोबदल्यात काही मिळण्यासारखे नव्हते, त्याला जमीनच हवी होती. म्हणजे सरकारचा ‘लोक’ हा शब्द जसा फसवा होता तसाच विरोधकांचा ‘मुळशीकर’ हा शब्दही आतून दुभंगलेला होता. धरणाने पाणी साठवले आणि माणसे पांगवली. याला लोकसंग्रह म्हणायचे असेल तर त्या शब्दातला संग्रह कशाचा, हे आधी सांगावे लागेल.

याच काळात महाराष्ट्रात दुसरे एक उत्तर आकार घेत होते. ते चर्चेतून आले नाही, झाडूतून आले. बापट स्वतः पारनेरला हातात झाडू घेऊन गावाचे रस्ते साफ करत. एका बाजूने श्री अरविंदांच्या तत्त्वज्ञानात रमणारा हा माणूस दुसऱ्या बाजूने गावची घाण उपसत होता आणि त्याला स्वतःला त्यात काही विसंगत वाटत नव्हते. गाडगे महाराजांनी (1876–1956) तर झाडणे हेच कीर्तनाचे पूर्वांग केले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला बोलायचे. तुकडोजी महाराजांनी 1955 च्या ‘ग्रामगीते’त गाव हेच देवाचे रूप धरून रस्ते, आरोग्य, शिक्षण आणि ग्रामरक्षण यांना उपासनेत आणून बसवले. या परंपरेत समितीचा प्रश्न उद्भवतच नाही, कारण करणारा आणि ठरवणारा एकच असतो. तिचे बळ त्यात आहे आणि मर्यादाही. गाडगेबाबा पुढच्या गावी गेल्यावर झाडू कोणी धरायचा, याची तजवीज झाडूत नसते. महाराष्ट्र शासनाने 2000-01 पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले आणि गावांना बक्षिसे ठेवली, तेव्हा ही अडचण स्पर्धेने सोडवायचा प्रयत्न झाला. तपासणी पथक यायच्या आदल्या दिवशी गाव किती लखलखीत होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना बाकीचे सांगायला नको.

टिकाऊ तजवीज म्हणजे सभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा आहे. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण आपोआप ग्रामसभेचा सभासद असतो, त्याला कोणी निवडून द्यावे लागत नाही. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तिच्या रूढ तारखा. कलम 49 नुसार ग्रामसभेला ग्रामविकास समित्या नेमता येतात. अशा समितीत 12 ते 24 सदस्य असतात.

कागदावरून सभेत उतरले की चित्र असे दिसते. ध्वजवंदन झालेले असते, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली असते. पुरुष खांबांना टेकून, बाया दाराजवळ एका बाजूला. ग्रामसेवक मागच्या सभेचे इतिवृत्त एका सुरात वाचून दाखवतो. त्याच वेळी हजेरीची वही हातोहात फिरत असते आणि काही जण सही करून चहाकडे वळतात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. विषयपत्रिकेवरचे विषय भराभर उरकतात. खरी सभा सुरू होते ती ‘आयत्या वेळचे विषय’ आल्यावर. तेव्हा मागे बसलेला एखादा म्हातारा उठतो आणि वरच्या आळीचे सांडपाणी आपल्या दारात का येते, असे सरपंचाला विचारतो. त्याचा विषय पत्रिकेवर कधीच नसतो. सभेचा सगळा अर्थ त्या एका माणसाला उठता येते यात आहे.

याच व्यवस्थेत एक विलक्षण नियम आहे. ग्रामसभेची गणसंख्या एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी कमी असेल ती. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते. पुन्हा बोलावलेल्या तहकूब सभेला मात्र गणसंख्येची अट नाही. व्यवहार म्हणून नियम योग्यच आहे, नाहीतर कामे अडून राहतील. पण त्याचा परिणाम असा की गावाचे हित गावावाचूनही ठरू शकते. मूठभर माणसांनी घेतलेला ठराव कायद्याने गावाचाच ठराव असतो. 1921 मध्ये लोकांच्या उपयोगाबद्दल सरकारची खात्री पटणे पुरेसे होते. तहकूब सभेत हजर असलेल्यांची खात्री पुरते. दोन्हींत फरक अर्थातच मोठा आहे. पहिल्या वेळी दार बंद होते आणि दुसऱ्या वेळी ते उघडे असून कोणी आलेले नसते. पण का आलेले नसते, हे विचारले तर फरक थोडा कमी होतो. ज्याची मजुरी बुडते तो सकाळच्या सभेला येत नाही. ज्याला बोलण्याची सवय कधी लावू दिली गेली नाही, तो आला तरी दाराजवळ बसतो.

डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्यावर जी कठोर टीका केली तिचा रोख इकडेच होता. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर असलेल्या खेड्याला राज्यघटनेचा पाया करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. गाव एक आहे असे गृहीत धरणाऱ्याला गावकुसाबाहेरची वस्ती दिसत नाही. गावकी म्हणून जी काही चालत आली तिच्यात भावकीचा वाटा किती आणि वस्तीचा किती, हे विचारल्याशिवाय ग्रामसभेची थोरवी गाणे भाबडेपणाचे आहे. राखीव जागा, महिलांची वेगळी सभा आणि मतदारयादीवर आधारलेले सभासदत्व हे या टीकेला घटनेने आणि कायद्याने दिलेले उत्तर आहे. ते पूर्ण नाही, पण जुन्या गावकीत ते नव्हतेच.

देवाला मध्ये घालून हाच प्रश्न सोडवण्याची जुनी रीतही विचारात घ्यावी लागते. कोकणात आणि सह्याद्रीलगतच्या भागात ग्रामदैवताला कौल लावतात. मूर्तीला लावलेले फूल किंवा तांदूळ उजवीकडून पडले की होकार, डावीकडून पडले की नकार. आधुनिक वाचकाला ही निर्णयपद्धत हास्यास्पद वाटेल, आणि कौल लावणारा हातही कोणाचा तरी असतोच. पण तिच्यामागची कल्पना विचार करण्यासारखी आहे. गावातल्या कोणाचीही इच्छा गावाची इच्छा म्हणून चालायची नाही, ती गावाबाहेरच्या कोणाकडून तरी यावी. देवराईत ही कल्पना अधिक नीट दिसते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकापासून सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. मुळशी, मावळ आणि वेल्हे या पट्ट्यात अशा राया आजही आहेत. रान देवाचे, म्हणून त्यातले वाळलेले लाकूडही न विचारता उचलायचे नाही. गावातल्या सगळ्यांनी एकमताने ठरवले तरी तोड करता येत नाही, कारण मालक सभेत बसलेला नाही. ज्यांना सभेत बसताच येत नाही, म्हणजे अजून जन्माला न आलेली पोरे आणि रानातली जनावरे, त्यांच्या वतीने देव नकाराधिकार वापरतो असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. बहुमताला कुठेतरी कुंपण हवे हे तत्त्व राज्यघटनेने मूलभूत हक्कांतून मांडले. मावळात ते वाघजाईच्या नावाने चालत आले होते. जमिनीचे भाव चढल्यावर हे कुंपण किती टिकते हा वेगळा विषय, आणि त्याची उत्तरे गावोगावी वेगळी आहेत.

जमिनीचे भाव हा आज मुळशीच्या पूर्व भागाचा मुख्य विषय आहे. हिंजवडी आणि माण ही याच तालुक्यातली गावे. तिथे माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात आणि भोवतीची वस्ती ग्रामपंचायतीत. उंच इमारतीत राहणाऱ्या पुष्कळांचे नाव अजून मूळ गावच्या मतदारयादीत असते. कचरा इथला, मत तिथले. जुना गावकरी त्यांना पाहुणे समजतो आणि ते पंचायतीला टँकर पुरवणारी यंत्रणा समजतात. शेजारी कोणाला म्हणायचे, हा धर्मशास्त्रातला जुना प्रश्न इथे सांडपाण्याच्या जोडणीवरून पुन्हा निघतो.

सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे तर 30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत गेली. त्या दिवशी तिथली ग्रामसभा कायद्याने संपली. शहरात तिच्या जागी प्रभाग समिती असते. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीतून आलेल्या या समितीत त्या भागातले नगरसेवक आणि स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य बसतात. सामान्य नागरिकाला तिच्यात जागा नाही. त्याच्यासाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण बहुतेक शहरांत ती कागदावरून उठलेली नाही. त्यातच मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला. ग्रामसभा गेलेल्या या गावांना त्यानंतर बराच काळ नगरसेवकही नव्हता. सांडपाण्याचा विषय घेऊन उठणाऱ्या म्हाताऱ्याला आता अर्ज करावा लागतो आणि आवक क्रमांक घ्यावा लागतो.

अशा गावांत एक जुनी समिती मात्र बहुधा चालू राहते, ती म्हणजे ग्रामदैवताच्या यात्रेची. देवळाच्या सभामंडपात तिची बैठक भरते, पालखीचा मार्ग ठरतो, कुस्त्यांचा आखाडा कुठे करायचा यावर तासभर वाद होतो, आणि वाद घालायला कोणाची परवानगी लागत नाही. नव्या सोसायट्यांकडे वर्गणीचे पावतीपुस्तक जाते. बैठकीचे निमंत्रण सहसा जात नाही.